बडोद्याहून कच्छच्या रणात: थंडीतली घरची सहल कशी आखावी

बडोद्याची थंडी ती काय! सकाळी कमाटीबागेत फिरायला जाताना अंगात स्वेटर, आणि दहा वाजता तोच कमरेला. तरी डिसेंबर लागला की दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत मराठी घरांत एकच विषय निघतो: चार दिवस कुठे जायचं? माउंट आबू झालेलं असतं, दीव झालेलं असतं, आणि पुण्यामुंबईचे पाहुणे आले की सरदारांचा पुतळा दर वेळी होतोच. कच्छचं रण मात्र 'एकदा जायचंय' म्हणत राहून जातं. लांब वाटतं, महाग वाटतं, आणि नेमकं जायचं कुठे हेच उमगत नाही, कारण कच्छ हा देशातला सर्वांत मोठा जिल्हा.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. घरात आजी-आजोबा आणि शाळेतली मुलं आहेत असं धरलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: हॉटेल, गाडी, जेवण यांत थोडं डावं-उजवं झालं तरी निभावतं, तारीख चुकली तर निभावत नाही. म्हणून सुरुवात तारखेपासून.

आधी तिथी, मग तारीख

रण वर्षभर पांढरं नसतं. पावसाळ्यात वाऱ्याने समुद्राचं पाणी आत रेटलं जातं, वरून पाऊस पडतो, लुणी आणि बनास या नद्यांचं पाणी येऊन मिळतं आणि तो सगळा सपाट मुलूख उथळ पाण्याखाली जातो. जमिनीला उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे पाण्याला परत जायला वाट नसते. ते उन्हानेच आटतं आणि मागे मिठाचा थर उरतो.

आता अडचण अशी की हे आटणं दिवाळीपर्यंत पुरं होत नाही. गुजरात बोर्डाच्या शाळांना दिवाळीची मोठी सुट्टी मिळते, म्हणून अनेक कुटुंबं तेव्हाच निघतात आणि ओला चिखल, मधे मधे पाणी असं बघून येतात. नोव्हेंबरात रणोत्सवाचे, म्हणजे रणाजवळ भरणाऱ्या हिवाळी पर्यटन-महोत्सवाचे, तंबू लागलेले असतात, पण तंबू लागले म्हणजे मीठ वाळलं असं नाही. पाऊस लांबलेल्या वर्षी डिसेंबरातही पाणी दिसतं. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंतचा काळ धरा. शाळेला दोन-तीन दिवस दांडी पडेल, पडू द्या. फक्त 14 आणि 15 जानेवारी टाळा. उत्तरायणाला बडोदं सोडून गेलेल्या माणसाला गच्चीवरची मंडळी वर्षभर ऐकवतात, आणि मुलंही पतंग सोडून यायला तयार होत नाहीत.

महिना ठरला की पंचांग उघडा. चांदण्यातलं रण बघायचं म्हणून सगळे पौर्णिमेच्या मागे लागतात. मार्गशीर्ष, पौष आणि माघ अशा तीन पौर्णिमा हंगामाच्या ऐन मध्यात येतात आणि त्या रात्रींचे दर सर्वांत चढे असतात, गर्दीही तशीच. माझं मत विचाराल तर पौर्णिमेच्या आदली रात्र घ्या. चतुर्दशीला सूर्य मावळायच्या आधीच चंद्र पूर्वेला वर आलेला असतो, त्यामुळे संधिप्रकाश सरला तरी अंधार होत नाही आणि मुलांना झोप यायच्या आत सगळं बघून होतं. पौर्णिमेनंतर मात्र चंद्रोदय रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकतो. संकष्टीला ताट वाढून चंद्राची वाट बघणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. चतुर्थीला रणात गेलात तर चंद्र उगवेपर्यंत थंडीत काकडत बसाल. अमावास्येच्या आसपास गेलात तर चांदणं नाही, पण आकाश असं भरलेलं दिसतं की बडोद्याच्या मुलांनी तितके तारे बहुधा कधी पाहिलेले नसतात. तेही वाईट नाही, आणि खोल्या स्वस्त मिळतात.

राहायचं कुठे

पांढऱ्या रणाच्या तोंडाशी धोरडो हे गाव आहे. 2023 साली जागतिक पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन-गावांच्या यादीत त्याचं नाव घातलं. हिवाळ्यात इथे रणोत्सवाची टेंट सिटी उभी राहते: पलंग, गरम पाणी, स्वतंत्र संडास-बाथरूम असलेले तंबू, तिन्ही वेळचं शाकाहारी जेवण, संध्याकाळी गाणं-बजावणं, आणि बहुतेक पॅकेजांत भुज स्टेशनवरून ने-आण. ज्याला काही ठरवायची कटकट नको त्याच्यासाठी हे सोयीचं. पैसे माणशी मोजले जातात, त्यामुळे सहा-सात जणांच्या कुटुंबाचा आकडा झटकन फुगतो. बुकिंग करताना नावात थोडा फेरफार केलेल्या नकली साइट खूप आहेत. गुजरात पर्यटनाच्या अधिकृत साइटवरून पुढे जा, आणि कुणी फोनवर घाईघाईत खात्यावर पैसे मागितले तर तिथेच थांबा.

दुसरी सोय म्हणजे भुंगे. गोल मातीच्या भिंती, वर गवताचं शंकूसारखं छप्पर. गोल आकारामुळे ही घरं भूकंपाचा धक्का बऱ्यापैकी सोसतात आणि आत दिवसा गार, रात्री ऊब राहते. होडको, धोरडो आणि आसपासच्या बन्नी या गवताळ मुलखातल्या गावांत असे बरेच मुक्काम आहेत. आतून भिंतींवर मातीचं आणि बारीक आरशांचं लिंपणकाम असतं. टेंट सिटीपेक्षा स्वस्त, आणि जेवण घरच्या चुलीवरचं. ठरवण्याआधी तीनच गोष्टी फोनवर विचारा: कमोड आहे का, गरम पाणी किती वाजता मिळतं, आणि रात्री संडासाला बाहेर अंगणातून जावं लागतं का. गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं.

मला पटलेली रचना अशी: एकच रात्र रणाजवळ, बाकीच्या भुजमध्ये. भुजला साध्या लॉजपासून चांगल्या हॉटेलपर्यंत सगळं आहे, दवाखाने आहेत, आणि सामान एका जागी ठेवून तिन्ही दिशांना जाता येतं. रणाजवळ दोन-तीन रात्री काढणाऱ्यांची मुलं दुसऱ्या दिवशी दुपारी कंटाळतात. दुपारी तिथे करण्यासारखं काही नसतं.

जायचं कसं

रेल्वे. बडोद्याहून भुजला रात्रीच्या दोन सोयीच्या गाड्या आहेत, सयाजीनगरी एक्सप्रेस आणि कच्छ एक्सप्रेस. दोन्ही मुंबईहून येतात, बडोद्याला रात्री भेटतात आणि पहाटे-सकाळी भुजला सोडतात. म्हाताऱ्यांना खालचे बर्थ हवेत, म्हणून आरक्षण उघडल्या दिवशीच तिकीट काढा. सध्या ते 60 दिवस आधी उघडतं. पौर्णिमेच्या आठवड्यात ही तिकिटं फार लवकर संपतात. ती हुकली तर अहमदाबादहून भुजला नमो भारत रॅपिड रेल आहे, 2024 च्या सप्टेंबरात सुरू झालेली. पण ती बसून जायची गाडी आहे.

स्वतःची गाडी नेणार असाल तर अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढे पडतं. एक्सप्रेस-वेने अहमदाबाद, मग विरमगाम, हळवद, माळिया, सुरजबारीचा पूल, सामखियाळी, भचाऊ, भुज. रस्ता चांगला आहे, पण मिठाच्या आणि बंदराच्या ट्रकांची रांग लागते. जेवणाचे थांबे धरून पूर्ण दिवस मोडतो. सुरजबारीच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरं दिसतात, तेवढ्यासाठी मुलांना जागं ठेवा.

रेल्वेने गेलात तर भुजला टॅक्सी लागेलच. ठरवताना रोजचे किती किलोमीटर धरले आहेत, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा का, आणि रणाजवळच्या मुक्कामी त्याच्या झोपण्याची सोय कोण करणार, हे आधीच बोलून घ्या. गुजराती येत असेल तर बोलणं सोपं जातं. कच्छी लोक आपसांत कच्छी बोलतात आणि ती गुजरातीहून इतकी निराळी आहे की तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्यांनाही समजत नाही. पण 'भाई, जरा समजावजो ने' म्हटलं की माणसं थांबून समजावतात.

महाराष्ट्रातून कुणी नातेवाईक या सहलीत सामील होणार असतील तर त्यांना इथल्या दारूबंदीची आठवण करून द्या. वाटेत तपासणी होते, आणि भावोजींच्या बॅगेतल्या बाटलीपायी सगळ्यांची सहल ठाण्यात जायला नको.

परवाना आणि सामान

पांढरं रण सरहद्दीजवळ असल्यामुळे परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो किंवा भुजहून जाताना भिरंडियारा नाक्यावर काढता येतो. सर्वांची ओळखपत्रं जवळ ठेवा. मुलांची आधार कार्डं बहुतेक घरी राहतात, ती आठवणीने घ्या. चालकाचा परवाना आणि गाडीची कागदपत्रंही लागतात. फी किरकोळ आहे, पण रांग किरकोळ नसते. सूर्यास्त गाठायचा तर ऑनलाइनच उरकून ठेवा.

कपड्यांचा घोळ सगळ्यांचाच होतो, कारण दिवसा ऊन आणि रात्री कडाका. भुजला हिवाळ्यात दुपारी पंचवीस-अठ्ठावीस अंश असतात, रात्री पारा दहाच्या आसपास येतो, आणि मोकळ्या रणात वारा असल्यामुळे त्याहून गार वाटतं. बडोद्याचा पातळ स्वेटर तिथे पुरत नाही. कानटोपी, मफलर, पायमोजे, आजी-आजोबांना शाल आणि आतून घालायचं उबदार बनियन. दुपारसाठी गॉगल आणि टोपी, कारण मिठावरून ऊन परत डोळ्यांवर येतं. खोबरेल तेल किंवा तूप ओठांना. हवा इतकी कोरडी की दुसऱ्या दिवशी ओठ फुटतात. जुने बूट न्या, मीठ लागून चांगल्या चामड्याची वाट लागते. रोज लागणारी औषधं पूर्ण मुदतीची घ्या. रोख रक्कम जवळ असू द्या. धोरडोकडे मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते, आणि रेंज नसली की फोनवरचे पैसेही चालत नाहीत. खाऊ म्हणून भाकरवडी आणि लीलो चिवडो न्याच. बडोदेकर तो सांगितल्याशिवायही नेतात.

पहिला दिवस: भुज

गाडीतून उतरल्या उतरल्या रणाकडे धावू नका. रात्रभर प्रवास झालेला असतो आणि भुजमध्ये एका दिवसाचं बघण्यासारखं आहे. सकाळ आयना महल आणि शेजारच्या प्राग महलात घालवा. आयना महल अठराव्या शतकात राव लखपतजींनी बांधून घेतला. त्याचा कारागीर रामसिंह मालम युरोपात जाऊन काच आणि मिन्याचं काम शिकून आला होता. 2001 च्या भूकंपात दोन्ही वास्तूंचं मोठं नुकसान झालं, तरी जे उरलं आहे ते पाहावं. हमीरसर तलावाच्या काठावरचं कच्छ म्युझियम 1877 सालचं, गुजरातेतलं सर्वांत जुनं. लक्ष्मी विलास पॅलेस बघून सोकावलेल्यांना हे महाल लहान वाटतील, वाटू द्या.

दुपारनंतर भुजियो डुंगरावरचं स्मृतिवन. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाचं हे स्मारक 2022 मध्ये खुलं झालं. मृतांची नावं कोरलेल्या पाट्या आहेत, जवळजवळ तेरा हजार नावं. आत भूकंपाचा धक्का अनुभवायला देणारं दालन आहे. लहान मुलं घाबरू शकतात, हृदयविकार असलेल्यांनी बाहेरच थांबावं. त्या दिवशी सकाळी बडोद्यातही घरं हलली होती. चाळिशीच्या पुढचा प्रत्येक जण इथे आला की आपण तेव्हा कुठे होतो ते सांगायला लागतो, आणि मुलं पहिल्यांदाच ते नीट ऐकतात. या सगळ्या ठिकाणांचे सुट्टीचे वार वेगवेगळे आहेत, निघण्याआधी बघून घ्या.

रात्री दाबेली खा, मग बाजरीचा रोटला, रिंगणाचं भरीत, लसणीची चटणी, खिचडी-कढी. हिवाळ्यात अडदियाही मिळतो, उडदाच्या पिठाचा तुपातला गोड पदार्थ. एक तुकडा पुरतो.

दुसरा दिवस: रण

धोरडो भुजहून सुमारे ऐंशी किलोमीटर. सकाळी आरामात निघा. वाटेत थोडं आडवळणाने निरोणा गाव घ्या. इथल्या खत्री कुटुंबात रोगण कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: एरंडेल तेल शिजवून शिजवून घट्ट करतात, त्यात रंग मिसळतात, आणि तळहातावर घेतलेल्या त्या रंगाची तार धातूच्या काडीने कापडावर सोडत नक्षी काढतात. काडी कापडाला टेकत नाही. याच गावात तांब्याच्या घंटा आणि लाखेचं लाकूडकाम करणारे कारागीरही आहेत. भुज-खावडा रस्त्यावर एका जागी कर्कवृत्ताची पाटी आहे, तिथे भूगोलाच्या पुस्तकातली रेघ ओलांडल्याचा फोटो मुलं काढतातच. भिरंडियाऱ्याला मावा मिळतो, बन्नीच्या म्हशींच्या दुधाचा, खरपूस आणि दाणेदार. येताना घेऊ म्हणू नका. आत्ता खा आणि येताना परत खा.

मुक्कामी सामान टाकून साडेचारच्या सुमाराला रणाकडे निघा. गाडी अलीकडेच थांबते, पुढे चालत किंवा उंटगाडीने. ज्येष्ठांसाठी उंटगाडीच करा. तिथे टेहळणीचा मनोरा आहे, आणि सगळी गर्दी मनोऱ्याच्या पायथ्याशीच घुटमळत असते. दहा मिनिटं पुढे चालत गेलात की आवाज मागे पडतो. मात्र जिथपर्यंत माणसांची ये-जा दिसते तिथपर्यंतच. मिठाचा थर कडक दिसला तरी खाली चिखल असतो, आणि कोऱ्या भागात पाय घोट्यापर्यंत आत जातो. मुलांना पळू द्या, पण नजरेच्या टप्प्यात. सगळीकडे सारखंच दिसत असल्याने अंतराचा अंदाज येत नाही. सूर्यास्त झाला की निम्मे लोक निघतात. तुम्ही निघू नका. तांबूस, मग निळसर आणि मग चंद्र वर असेल तर पांढरा असा रंग फिरायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि त्याच्यासाठीच तर तिथी बघून आलात. आत किती वाजेपर्यंत थांबू देतात ते परवाना दाखवतानाच विचारून ठेवा.

तिसरा दिवस: काळो डुंगर, आणि धोळावीरा जमलं तर

काळो डुंगर सुमारे 460 मीटर उंच, कच्छमधली सर्वांत उंच जागा. वरून सगळं रण खाली पसरलेलं दिसतं. पण मराठी माणसाने तिथे जायचं आणखी एक कारण आहे: वर दत्ताचं देऊळ आहे. आरती झाली की पुजारी शिजवलेला भात घेऊन चौथऱ्यावर जातो आणि कोल्हे येऊन तो खातात. ही रीत शेकडो वर्षांची मानली जाते. कोल्हे रोज दिसतीलच असं नाही, आले तर गप्प उभं राहा. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीच्या आसपास सहल आखली असेल तर गाणगापूर-नरसोबाच्या वाडीचे भक्त असलेल्या आजोबांना ही जागा रणापेक्षा जास्त आवडेल. शेवटचा चढ गाडीने होतो, पुढे थोड्या पायऱ्या आहेत.

इथून पुढे दोन वाटा. दमला असाल तर दुपारी भुजला परत. उत्साह असेल तर खावड्याहून रणाच्या मधून जाणाऱ्या सरळ रस्त्याने खडीर बेटावर धोळावीऱ्याला. जवळजवळ तीस किलोमीटर दोन्ही बाजूंना पाणी किंवा मीठ, मधे फक्त रस्ता. धोळावीरा हे हडप्पा संस्कृतीचं शहर, 2021 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. पाणी साठवायला खडकात खोदलेले प्रचंड हौद आणि दहा चिन्हांची मोठी पाटी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. पण उघड्यावर दोन तास चालायचं आहे आणि सावली नाही. दहा वर्षांखालची मुलं आणि सत्तरीपुढचे आजोबा दोघंही कुरकुरतात. भुजमधून पेट्रोलची टाकी भरून, पाणी आणि दशम्या घेऊनच निघा. या रस्त्यावर दुकानं फारशी नाहीत.

चौथा दिवस: मांडवी किंवा खरेदी

आपल्या शहरातल्या मांडवी दरवाजाशी या मांडवीचा संबंध नाही. हे बंदर आहे, भुजपासून साठेक किलोमीटरवर. रुक्मावती नदीच्या तोंडाशी आजही लाकडी जहाजं हाताने बांधली जातात, ती आवर्जून बघा. विजय विलास पॅलेस, किनारा, आणि श्यामजी कृष्ण वर्मांचं क्रांतितीर्थ स्मारक एवढ्यात दिवस भरतो.

समुद्र नको असेल तर भुजोडी आणि अजरखपूर. भुजोडीत विणकरांच्या घरात जाऊन शाल घेता येते, मागावर बसून बघताही येतं. अजरखपूर हे भूकंपानंतर धमडक्याहून आलेल्या छपाईकारांनी वसवलेलं गाव. अजरख म्हणजे लाकडी ठशांनी छापलेलं कापड, पण त्या नावाने बाजारात स्क्रीन प्रिंट भरपूर खपतं. ठशाने छापलेल्या कापडात रेघा कुठे तरी किंचित सरकलेल्या दिसतात. मीटरभर कापडात एकही जोड चुकलेला नसेल तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा. भाव करताना मात्र जपून. ठशाची, रंगाची, धुण्याची अशी कित्येक दिवसांची कामं त्यात असतात, आणि मंगळ बाजारातली घासाघीस इथे शोभत नाही.

परतीची गाडी रात्रीची असते, त्यामुळे संध्याकाळी हॉटेलची खोली थोडे जास्त पैसे भरून ठेवा, म्हणजे वडीलधाऱ्यांना पाठ टेकता येते. मावा शेवटच्या दिवशी घेतला तरच बडोद्यापर्यंत टिकतो. आणि डब्यात शिरण्याआधी सगळ्यांचे बूट फलाटावर झटकून घ्या, मीठ निघता निघत नाही.